दगडाचं जाणं-येणं

चष्मा कपाळावर सरकवून बाई म्हणायच्या, "आधी नाव समजून घ्या, मग हात लावा." समोर माणूस असो की मिक्सर.

राजेंद्र नगरात त्या आमच्या शेजारी. शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. गणेशोत्सवात कॉलनीचं नाटक बसवायच्या. मी मंडळाचा अध्यक्ष. आजही कॉलनीत म्हणतात, लिथियम बॅटरी अध्यक्षांनी आणली. तुम्हीही ऐकलं असेल. ते खोटं आहे, आणि इतकी वर्षं मी ते खोडलं नाही.

एका वर्षी ऐन शेवटच्या प्रवेशात वीज गेली. जनरेटर धडधडला आणि मरणाऱ्या नायिकेचं बोलणं त्यात बुडालं. लोक चक्क हसले. पुढच्या वर्षीच्या बैठकीत बाईंनी सांगून टाकलं, "यंदा जनरेटर लागला, तर हे माझं शेवटचं नाटक."

त्यांनी लिथियम-आयन बॅटरी सुचवली. सगळ्यांत मोठ्याने विरोध मीच केला.

"नाव तरी ऐका," बाई म्हणाल्या. "ग्रीक भाषेत लिथोस म्हणजे दगड. हा धातू पहिल्यांदा दगडात सापडला, म्हणून लिथियम. आयन म्हणजे जाणारा. चार्जिंगला एका टोकाकडे जातो, वीज देताना परत येतो."

"मतलब, दगडाचं जाणं-येणं?" खजिनदार हसले.

"सुनेसारखं हो. माहेरी जाते, ताजी होऊन येते. पण तुम्ही तिला पाठवाल तर ना!"

बायका इतक्या हसल्या की ठराव तिथेच मंजूर झाला.

बॅटरी आली. जुन्या इन्व्हर्टरच्या सवयीने मी डिस्टिल्ड वॉटरची बाटली घेऊन पोचलो. "बाई, पाणी घालायचं ढक्कन किधर आहे?"

"हिला पाणी लागत नाही, अध्यक्षजी. ते तुळशीला घाला."

नाटकाच्या संध्याकाळी, पुन्हा शेवटच्या प्रवेशातच, वीज गेली. मांडवाबाहेर सगळी कॉलनी काळीठिक्कर. लोकांनी सवयीने कानांवर हात ठेवले. पण रंगमंचावरचे दिवे मिणमिणलेही नाहीत. नायिका पुटपुटली, "येते मी," आणि ते शेवटच्या रांगेतल्या आजोबांपर्यंत पोचलं. कोणीतरी हुंदका दिला. मग मांडव उठून उभा राहिला.

हार माझ्या गळ्यात पडला, आणि मी तो घालून घेतला. बाई विंगेत पडद्याची दोरी धरून उभ्या होत्या; चेहऱ्यावर असं तेज, की माझ्याकडे त्यांचं लक्षही नव्हतं.

आता बाई नाहीत. तो हार त्यांचा होता, टाळ्याही त्यांच्याच. आणि त्या टाळ्या इतका वेळ चालल्या की कॉलनीची वीज कधी परत आली, कोणाला कळलंच नाही.