आडातला कोयता

संशोधनाच्या पहिल्याच वर्षी मी प्रयोगशाळेत सिलिकॉनची चकती स्टीलच्या चिमट्यानं उचलली आणि सरांची सणसणीत बोलणी खाल्ली. चुकलं माझंच. आमच्या वडवणीकडच्या घरात लोखंडाला हात लावल्याशिवाय दिवस सुरू होत नाही, म्हणून समोर दिसला तो चिमटा मी उचलला. स्टीलमधलं कणभर निकेल चकतीला लागलं आणि महिन्याची मेहनत पाण्यात गेली.

त्या दसऱ्याला घरी गेले तेव्हा वहिनीला चुलीपुढं बसून हे सगळं सांगितलं. स्फटिक कापला की वरच्या थरातल्या अणूंचे हात तुटतात. तुटलेले हात स्वस्थ बसत नाहीत. शेजाऱ्याला ओढतात, ढकलतात आणि शेवटी एका ठरलेल्या नक्षीत बसतात. मग आम्ही त्यावर चांदीचा जेमतेम एक थर देतो आणि तापवतो. जुनी नक्षी मोडते. सिलिकॉनचे अणू आपापल्या जागा सोडतात आणि चांदीला धरून नवीच मांडणी करतात.

"आन ते निकेल?" वहिनीनं विचारलं.

"ते तापलं की आत शिरतं. आपल्याला वाटतं, गेलं. गार होताना पुन्हा वर येतं आणि सगळ्या नक्षीची वाट लावतं."

"लई खोडील हाय की," ती म्हणाली आणि तिनं भाकरी उलटली. तिच्या मनात काय शिजतंय, हे मला तेव्हा कळलं नाही.

आमच्याकडे दसऱ्याला ज्यानं त्यानं आपलं हत्यार पूजेत ठेवायचं. दादानं कोयता ठेवला. भाचीनं, म्हणजे दादाच्या मुलीनं, मी तिला दिलेली सिलिकॉनची चकती ठेवली. म्हणाली, आत्याचं हत्यार. वहिनीच्या कोयत्याची जागा रिकामी होती.

ऊसतोडीत हातात दोन कोयते असले तरी नवरा-बायकोची जोडी मिळून एकच कोयता मोजतात. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, त्याला मुकादम उभा करत नाही. दादानं ठरवलं होतं, यंदा भाचीलाही फडावर न्यायचं, स्वयंपाकाला होईल. ती दहावीत होती.

"तुझा कोयता कुठंय?" दादानं विचारलं.

"आडात टाकला. मी येत न्हाई. पोरगी बी येत न्हाई."

पहिली थप्पड अशी बसली की वहिनीचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं. ओठ फुटला. "मुकादमाला शब्द दिलाय मी!" दादा ओरडत होता आणि तिचे केस धरून तिला आडाकडं ओढत होता. मी बाहेरगावी शिकलेली, समजावून सांगणारी बाई. मी त्याच्या दंडाला कडकडून चावले. तोंडात रक्ताची चव आली तरी सोडलं नाही. त्याचं मला अजूनही वाईट वाटत नाही.

त्यानं मला झटकलं, पूजेतला कोयता उचलला आणि समोरच्या चकतीवर हाणला. "हे तुझ्या शिक्षणामुळं!"

चकती फुटली. पाटावर तिचे त्रिकोणी तुकडे पसरले, कडा सरळ, आखून कापल्यासारख्या. घाव कितीही आडवातिडवा असो, सिलिकॉन आपल्याच रेषेनं फुटतं. दादा क्षणभर त्या तुकड्यांकडं बघत राहिला. तेवढ्यात वहिनी उठून भाची जिथं शिरली होती त्या खोलीच्या उंबऱ्यावर जाऊन बसली. हनुवटीवरचं रक्त तिनं पुसलंसुद्धा नाही. ती संध्याकाळपर्यंत तिथून हलली नाही आणि तिला ओलांडून आत जायची कुणाची छाती झाली नाही.

मग बाकीच्यांना हलावं लागलं. दादा चुलतभावाला जोडीला घेऊन कारखान्यावर गेला. आई दादाच्या धाकट्या मुलाला घेऊन माझ्या मामाकडं राहिली. वहिनी गावातच दुसऱ्यांचा कापूस वेचायला जाऊ लागली. दादा माझ्याशी सहा महिने बोलला नाही. मीही काही मरत नव्हते त्याच्याशी बोलायला.

दहावीचा निकाल लागला त्या आठवड्यात मी घरी होते. भाची पास झाली होती. उन्हाळ्यानं आड आटला होता आणि तळाच्या गाळात कोयता दिसत होता. दादा दोर लावून उतरला आणि गंजलेला कोयता घेऊन वर आला. त्यानं तो वहिनीपुढं धरला.

"धार लावून देतो. औंदा चल."

वहिनीनं कोयता हातात घेतला, नीट बघितला आणि त्याच्या डोळ्यांदेखत परत आडात टाकला. पाणी नव्हतं. खालच्या दगडावर खण्णकन आवाज झाला.

दादाचा हात वर गेला. वहिनीनं मान वळवली नाही, डोळेही मिटले नाहीत. मी दात आवळून उभी होते. हात तसाच हवेत राहिला, मग हळूहळू खाली आला.

आत भाची अकरावीचा फॉर्म भरत बसली होती. तिथूनच तिनं विचारलं, "आई, काय पडलं गं?"

"काय न्हाई," वहिनी म्हणाली. "तू भर."