कानबाईपुढची दोन वाक्यं

पुण्याच्या कॉलेजात आम्ही खानदेशी मुलामुलींनी आमच्याकडची श्रावणातली देवी, कानबाई, मांडली होती. बघायला येणाऱ्यांना मी आमच्या अहिराणी बोलीबद्दल हौसेनं सांगत होते. हॉल झाडणाऱ्या मावशींनी कानबाईला हात जोडले आणि उजळल्या चेहऱ्यानं मला विचारलं, "पोरी, तुन्हं गाव कोनतं शे?"

मला सगळं समजलं, पण तोंडून आलं, "माझं गाव धुळ्याजवळ आहे." घरी आई आजीशी अहिराणीत बोलायची, आमच्याशी मात्र शुद्ध मराठीत.

"बरं, मॅडम," म्हणून मावशी झाडू घेऊन दाराकडे गेल्या.

तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "अहिराणीत काही बोलून दाखव ना!" मी पाठ केलेली दोन वाक्यं म्हटली. टाळ्या पडल्या. मावशींनी ती ऐकावीत असं मला वाटत होतं की ऐकू नयेत असं, ते मला आजही उमगत नाही.