पेवातली घोंगडी

सांगलीतल्या आमच्या सेवा-क्लबाचा मी चिटणीस होतो तो केवळ माझ्या इंग्रजीमुळं. बाकी सगळे हळदीचे अडते, वकील आणि दोन डॉक्टर. मी हायस्कुलातला मास्तर. क्लबाची मुख्य कचेरी साता समुद्रांपलीकडे होती आणि तिकडं जाणारे अहवाल कुणीतरी शुद्ध लिहायला हवे होते. लढाईच्या दिवसांत तिथून पत्र आलं की प्रत्येक शाखेनं परदेशी निर्वासितांसाठी काहीतरी करावं. निर्वासित शोधायला आम्हाला लांब जावं लागलं नाही. पोलंडमधून देशोधडीला लागलेली बायकामुलं कोल्हापूरजवळच्या छावणीत येऊन राहिली होती.

पाहणीला मी एकटाच गेलो, कारण तो रविवार होता आणि रविवारी बाकीच्यांना वेळ नसतो. छावणीतल्या शाळेची बाई भेटली. ती इंग्रजी सावकाश, शब्द तोलून बोलायची. मी जरा शहाणपणानं म्हणालो, "तुम्ही बर्फातली माणसं, तुम्हाला आमची थंडी ती काय वाटणार?" ती म्हणाली, "बर्फातूनच ही मुलं छातीचं दुखणं घेऊन आलीत. पहाटे सगळी खोकतात." चाळीस पांघरुणं मिळाली तर सर्वांत अशक्त मुलांचं भागेल, असं तिनं सांगितलं. मी शब्द दिला, दिवाळीच्या आत. दिवाळी म्हणजे काय तेही समजावून सांगितलं. तिनं मान डोलावली आणि वहीत लिहून घेतलं.

क्लबानं काम दिलं त्या आष्ट्याच्या विणकरानं भावांना हाताशी धरून चाळीस घोंगडी विणली, चिंचोक्याची खळ देऊन कडक केली, उन्हात वाळवली आणि नवरात्रात गाडीनं आणून टाकली. शब्दाला जागला तो एवढाच माणूस. मी म्हणालो, उद्याच छावणीत पोचवू. अध्यक्ष वकीलसाहेब माझ्याकडं असे बघायला लागले, जणू मी लग्नाआधीच वरात काढायला निघालोय. आमच्या क्लबात पाणपोईचा रांजणसुद्धा पाहुण्याच्या हस्ते बसायचा. हार, फोटो, आभार मानणं, मग चहा-चिवडा. इथं तर काम आंतरराष्ट्रीय! त्यामुळं पुण्याहून क्लबाचे प्रांतप्रमुखच यायला हवेत, असं ठरलं.

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. दिवाळीआधी प्रमुखांना ताप आला. दिवाळीनंतर ते साताऱ्यापर्यंत आले, तर पुढं भूमिगतांनी कुठं रूळ उखडलेले, कुठं तारा तोडलेल्या. तिथूनच माघारी फिरले. मग त्यांच्या घरी लग्न निघालं. प्रत्येक वेळी मी छावणीतल्या बाईला नवं पत्र लिहायचो, नवी तारीख कळवायचो, आणि माझंच इंग्रजी मला नकोसं व्हायचं.

दरम्यान घोंगडी ठेवायची कुठं? आमच्यातल्या एका अडत्याच्या वखारीत उंदीर. तो म्हणाला, "माझं एक पेव रिकामं आहे." सांगलीत पेवापुढं कुणी बोलत नाही. जमिनीखालच्या त्या खोल खड्ड्यात हळद भरायची, तोंड मातीनं लिंपून टाकायचं. चार वर्षांनी काढली तरी कीड नाही, उलट वजन वाढूनच निघते. वजन कशानं वाढतं, हे विचारायचं एकालाही सुचलं नाही. दोन डॉक्टरांना नाही, मलाही नाही.

विणकराला बाजारात ही बातमी कळली तेव्हा तो शाळेत येऊन मला म्हणाला, "आवं मास्तर, घोंगडं वाऱ्या-उनाचं हाय. त्याला कोंडू नगा. लय वंगाळ हुईल." मी ते बैठकीत सांगितलं. अडते हसले. मी पुन्हा बोलायला हवं होतं. बोललो नाही, चहा घेतला.

पौष सरता सरता प्रमुखांची तारीख पक्की झाली. आदल्या दिवशी पेव उघडलं, आतली वाफ जाईपर्यंत थांबलो, मग हमाल उतरले. वर आलं ते घोंगडं म्हणण्यासारखं नव्हतंच. पेवातल्या ओलसर उबेनं खळ आंबली होती. बुरशीनं एकाला एक चिकटलेली, सोडवायला गेलं की लोकरीचे झुपके हातात यायचे. मी वकीलसाहेबांना म्हणालो, कार्यक्रम रद्द करा, महिनाभरात नवी विणून घेऊ. ते म्हणाले, "तारीख मिळालीय, मास्तर." आणि माणूस पाठवून बाजारातून होती तेवढी चार घोंगडी आणवली.

त्या चार घोंगड्यांवर छावणीत समारंभ झाला. प्रमुखांनी मानवतेवर भाषण केलं, जे मीच लिहून दिलं होतं. फोटो निघाला. "उर्वरित लवकरच," असं वकीलसाहेबांनी जाहीर केलं आणि टाळ्या पडल्या. संताप येत होता, पण टाळ्या मीही वाजवल्या.

मंडळी मोटारीकडं निघाली तेव्हा बाई माझ्याजवळ आली. रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं एप्रनच्या खिशातून एक कागद काढला, त्यावर चाळीस नावं, आणि एक पेन्सिल माझ्यापुढं धरली.

"मला ह्यातली चार निवडता येत नाहीत," ती म्हणाली. "तुम्ही निवडा."

तिकडं मोटारीचा भोंगा वाजत होता. पोलिश स्पेलिंगची ती नावं, मला एकही वाचता आलं नाही. मी वरच्या चार नावांपुढं खुणा केल्या, ती वर होती म्हणून, आणि मोटारीत जाऊन बसलो.