पाय चालले, छाती घरी

शिमग्याला पंधरा दिवस उरले होते आणि माझ्या खांद्याचा निकाल डॉक्टरीणबाईंच्या हातात होता. ग्रामदेवीची पालखी आमच्या गावात नाचवतात, आणि गेली तीस वर्षं पुढच्या दांड्याला मी असतो. पण महिनाभर देवळाची घाटी चढताना दम लागत होता. मी कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोला न सांगताच कळलं आणि तिने मला रत्नागिरीच्या एका दवाखान्यात नेऊन बसवलं.

बाईंनी छातीवर एक पट्टी चिकटवली, मनगटाला पट्टा बांधला आणि घोट्याला पावलं मोजणारी काडेपेटीएवढी डबी. वायर कुठेच नाही. तिघांनी मिळून माझी खबर मोबाईलला द्यायची, मोबाईलने बाईंना.

"काका, आठवडाभर नेहमीसारखं वागा. काय केलंत ते वहीत लिहा. मग पालखीचं बघू."

परीक्षेच्या आठवड्यात नेहमीसारखं कोण वागतो? चाललो तर दम लागणार आणि छातीवरची पट्टी चुगली करणार. नाही चाललो तर घोट्याची डबी करणार. दुसऱ्याच दिवशी मला तोड सुचली. डबी सोडून पडवीतल्या झोपाळ्याच्या कडीला बांधली आणि त्या दिवसापासून रोज झोके घेत, लोळत पेपर वाचला. वहीत सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'घाटी चढून देवळात. त्रास नाही.'

"अहो, देवळात कधी गेलात?" बायकोने वही वाचून विचारलं.

"मनाने."

आठवड्याने बाईंनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. "तुमचे पाय रोज दोन तास चाललेत, काका."

"सवय आहे हो," मी विनयाने म्हणालो.

"आणि नेमकी त्याच वेळी छाती आराम करत होती. घाटी चढताना ती घरी ठेवून जाता का?"

मी बायकोकडे पाहिलं. तिने पदर तोंडाला लावला होता.

"झोपाळा," ती एवढंच म्हणाली.

बाई हसल्या नाहीत. "पुन्हा आठवडा. खराखुरा. आणि तोवर पालखीला खांदा नाही."

त्या आठवड्यात शिमगा आला आणि पालखी आमच्या खळ्यात, घरापुढच्या अंगणातही आली. ढोल असा घुमला की माझे पाय मला न विचारता हलायला लागले. माझ्या जागी दांडा धरलेला चुलतभाऊ ओरडला, "ये रे, घराकडची पालखी, नुसता खांदा लाव!"

"अहो!" बायको म्हणाली. ढोलात ऐकू आलं नाही, असं मी ठरवलं.

खांदा लावला. एक गिरकी झाली, दुसरी अर्ध्यावर आली आणि छातीत हवाच पोचेना. एरवी मी दात आवळून रेटलं असतं. पण वर देवी होती, दांडा निसटला तर तीच खाली येणार.

"घ्या रे," मी ओरडलो, "मला दम लागतोय! महिना झाला लागतोय!"

चुलतभावाने दांडा खांद्यावर घेतला. मी पायरीवर धापा टाकत बसलो. पालखी पुढच्या घराकडे निघाली, तेव्हा तो दांडा दुसऱ्याला देऊन माझ्याजवळ आला.

"महिना कसला, मेल्या? गेल्या शिमग्यातपण धापा टाकत होतास. तीनदा माझा पाय तुडवलास. आम्ही बोललो नाय, म्हटलं याला वाईट वाटेल."

बायकोने माझ्या हातात पाण्याचा तांब्या दिला आणि त्याच्याकडे वळली. "भावोजी, हे उद्या डॉक्टरीणबाईंसमोर सांगाल काय?"

"येतो की, वहिनी. पायपण दाखवतो."