यहूदाला दिलेला घास

आमच्या मंडळीत प्रभूचं सोंग कोणी घ्यायचं नाही, असा न लिहिलेला नियम आहे. नाताळच्या नाटकात बाळ येशूसुद्धा बाहुलीच असते. त्यामुळे माझ्या धाकट्या भावाने येशूच्या शेवटच्या आठवड्यावर गिटार-ड्रमचं गीतनाट्य लिहिलं, तेव्हा पंचांची पहिली हरकत तीच होती. दोन बैठकांनंतर तोडगा निघाला. प्रभू पांढऱ्या चादरीमागे उभा राहून गाईल, आणि लोकांना दिसलाच तर त्याचा फक्त उजवा हात दिसेल. तो हात माझा ठरला. मी डीकन होतो, म्हणजे प्रभुभोजनाला बाकाबाकावर भाकर आणि द्राक्षरस फिरवणाऱ्यांपैकी एक, शिवाय तंबाखू खात नव्हतो. गळा कसा आहे हे कोणी विचारलंच नाही.

ही गोष्ट ऊर्जानगरातली, बारा वर्षांपूर्वीची. भाऊ तेव्हा वीज केंद्रात कंत्राटावर वेल्डर होता आणि संध्याकाळी क्वार्टरच्या जिन्यात गिटार घेऊन बसायचा. ड्रमसाठी त्याने लग्नात वाजणाऱ्या धुमाल पार्टीतला एक गडी धरून आणला. कीबोर्डवर शेजारच्या ब्लॉकमधला त्याचा बौद्ध मित्र बसला, जो एरवी भीमगीतांच्या कार्यक्रमात वाजवायचा. तालीम चर्चमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये चाले आणि त्या उन्हात आम्ही अक्षरशः शिजून निघायचो. प्रभूचा घात करणारा शिष्य यहूदा व्हायला मात्र कोणी तयार होईना. त्या मेल्याचं नाव लावून घेऊ नका, असं आयांनी आपापल्या पोरांना बजावलं होतं. शेवटी तो भाग भावाने स्वतःच घेतला.

मला ते सगळं फार आवडत होतं, हे आधीच सांगून टाकतो. पुढे मी जे केलं ते न आवडल्यामुळे केलं, असा कोणाचा समज नको.

प्रयोग ईस्टरच्या आदल्या संध्याकाळी झाला. गाणी आमच्या बोलीतली होती. चादरीमागून मी पहिली ओळ गायली, "काऊन रडता बायांनो, मी इथीच आहो," आणि बाहेर खुर्च्या करकरल्या. आमचा प्रभू पवित्र शास्त्रातलं छापील मराठी बोलतो. मले-तुले बोलणारा प्रभू त्या लोकांनी कधी ऐकला नव्हता. पण हळूहळू सगळे गप्प झाले. शेवटच्या भोजनाच्या प्रसंगात माझा हात बाहेर जाऊन यहूदाला भाकरीचा तुकडा देतो. योहानाच्या शुभवर्तमानात तसंच आहे, आपल्याला धरून देणार हे माहीत असूनही प्रभू त्याला घास देतो. मी गात होतो, "घे रे, हे तुह्याच वाट्याचं." भावाचा चेहरा मला दिसत नव्हता. त्याची बोटं तेवढी लागली. ती गार पडली होती, आणि मी आपला मनात म्हणतोय, काय झकास काम करतोय गडी.

नाटक क्रूसावर संपलं. कोणी टाळी वाजवली नाही. काही बाया रडत होत्या, पण त्या प्रभूसाठी नव्हे, यहूदासाठी रडत होत्या, आणि पंचांना तेच जड गेलं.

सोमवारी पंच बसले. धुमालवर येशू नाचवला, असं एकाने म्हटलं. पुनरुत्थान कुठे आहे, असं दुसऱ्याने विचारलं. भाऊ म्हणाला, "थे तर काल पहाटे झालं ना. कबरस्थानात मेणबत्त्या घेऊन आपण सारेच होतो." कोणीतरी हसलं आणि त्या हसण्याने प्रकरण बिघडलं. सगळ्यात वडील पंच निवृत्त हेडमास्तर होते. ते शांतपणे म्हणाले, "प्रभू त्याले भाकर देते, अन् लोक त्याच्यासाठी रडते. हेच शिकवाचं आहे काय पोरायले?"

"रडले तर बरंच झालं," भाऊ म्हणाला. "मी पण रडलो."

मंडळीसमोर उभं राहून माफी माग, असं ठरलं. तो नाही म्हणाला. मग त्याला शिस्तीखाली ठेवलं. माफी मागेपर्यंत त्याला प्रभुभोजन द्यायचं नाही. सेक्रेटरी मीच होतो, अक्षर चांगलं म्हणून. त्याला तसं कळवणारं पत्र माझ्या अक्षरात आहे. बैठकीत मी एकच प्रश्न विचारला, तारीख आजची टाकू का उद्याची. मी भ्यालो, दुसरं काही नाही. ऑफिसात मी कोणाच्या खिजगणतीत नव्हतो. मंडळीत मात्र मी उभा राहिलो की लोक सरकून जागा देत, आणि ती जागा मला सोडवेना.

पुढच्या प्रभुभोजनाला तो आला. मला वाटलं होतं येणार नाही. डाव्या बाजूच्या बाकाच्या टोकाला बसला. मी ताट घेऊन त्या रांगेत गेलो. त्याने हात पुढे केला. मी ताट त्याच्यावरून पलीकडच्या बाईंपुढे नेलं. तो हात थोडा वेळ तसाच राहिला, मग त्याने तो पँटला पुसला. आठवडाभरापूर्वी ह्याच हाताला मी प्रभूच्या आवाजात गात भाकर दिली होती, हे मला त्या क्षणी सुचलंसुद्धा नाही. घरी हात धुताना सुचलं.

तो गडचांदूरला निघून गेला, सिमेंट कारखान्यात लागला. सणावाराला आम्ही भेटायचो, कापसापासून क्रिकेटपर्यंत सगळं बोलायचो, तेवढं सोडून. मी ताट फिरवत राहिलो. त्या बाकाशी आलो की पाय थांबे. तिथे कोणीही बसलेलं असो, मला आधी पुढे आलेला एक हात दिसे आणि माझाच चादरीमागचा आवाज ऐकू येई. लोकांना वाटे माझे गुडघे दुखतात.

यंदा नवीन पाळकांनी कोणाच्या तरी मोबाइलवर त्या प्रयोगाची क्लिप पाहिली आणि हरखून गेले. तरुणांनी नाटक पुन्हा उभं केलं, स्क्रीन लावून, लाइटिंग करून. भावाला मी फोन केला. "येतो," एवढंच म्हणाला. त्याला स्टेजवर बोलावून शाल दिली. हेडमास्तरांनीही टाळ्या वाजवल्या.

रात्री मी जुनी इतिवृत्तं उलटली. शिस्त उठवल्याची नोंद कुठेच नव्हती. पाळकांना विचारलं, त्याला प्रभुभोजन दिलेलं चालेल ना? ते म्हणाले, "काका, त्यांले कोण अडवते?" शिस्त लागली होती हेच कोणाला आठवत नव्हतं. सकाळी भाकरीचे तुकडे मी स्वतः कापले, त्याचाही एक मोजून, आणि ताट फिरवायला डावी बाजू मागून घेतली.

तो डावीकडच्याच मधल्या एका बाकावर होता. मी ताट पुढे धरलं. त्याने ताटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, ताटाची कड धरली आणि ते शेजारच्या माणसाकडे सरकवलं.

बाहेर तो मोटरसायकलवरची धूळ पुसत होता. मी विचारलं, "काऊन नाई घेतलं?"

"राग नाई दादा. पहिली दोन-चार वर्षं लय वाटे. थे ताट स्वप्नात येत जाय. मंग हळूहळू भूकच नाई राह्यली त्याची."

"मी चुकलो," मी म्हणालो. बारा वर्षांत पहिल्यांदा.

"माहीत आहे मले," तो म्हणाला. आवाजात माया होती, हेच सहन होईना. "चाल, ऊन वाढाच्या आत निघतो."

तो गेल्यावर मी आत आलो. उरलेली भाकर टाकायची नसते, ती डीकनने खाऊन संपवायची असते. ताटात एक तुकडा होता. तो मी उभ्याउभ्या खाल्ला.