लेन्सच्या पाण्यात न मेलेला जंतू

माझी बायको गेली त्याला आता वर्ष होत आलं. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. लिहायला बसलो की हात दुखतो. पण बोलायला घरात कोण उरलेलं नाही, म्हणून लिहितो.

तिचे डोळे लहानपणापासून वाईट. बुबुळ गोल असायला पाहिजे, तिचं पुढे टोकदार झालेलं. असल्या डोळ्याला चष्मा चालत नाही, कडक लेन्स लावावी लागते. डाव्या डोळ्यावर लेन्स पण बसायची नाही, त्याने तिला माणूस आहे की कपाट एवढंच कळायचं. उजवा डोळा लेन्स लावून चांगला होता. त्या एका डोळ्यावर तिने स्वयंपाक केला, पोरगी वाढवली, मासळीबाजारात कोळणीशी भांडण केलं. पापलेटाचे कल्ले उघडून बघायची आणि टोपलीत परत फेकायची. मला ताजं-शिळं कळत नाही, माझे दोन्ही डोळे चांगले असून.

रोज लेन्स काढली की तळहातावर त्या बाटलीतल्या औषधाने चोळायची आणि डबीत औषध भरून बुडवून ठेवायची. आम्ही त्याला लेन्सचं पाणी म्हणायचो. मी मरोळच्या इस्टेटीत मशीनवर कामाला होतो, तेव्हा नखात काळं असायचं. मला डबीला हात लावायला द्यायची नाही. म्हणायची, तुझं ग्रीस डोळ्यात गेलं तर मी तुला बघणार कशी, आणि नाही बघितलं तर तुझंच बरं होईल. असं बोलायची.

एवढी स्वच्छतेची बाई, पण लेन्स धुवायला नळाचं पाणी चालतं असं तिच्या डोक्यात बसलेलं. तिची पण चूक नाही. तिने पहिली लेन्स घेतली तेव्हा डॉक्टरनेच सांगितलं होतं, नळाखाली धुवा, मग औषधात ठेवा. पुढे डॉक्टर लोकांनी ते बदललं असेल. आमच्यापर्यंत कोण सांगायला आला नाही. इतकी वर्षं काही झालं नाही, म्हणजे बरोबरच असणार, असं आपण धरून चालतो.

मग तिच्या भावाच्या मुलाचं लग्न आलं. आम्ही गावठाणातली कॅथलिक माणसं. आमच्यात लग्नाच्या आदल्या दिवशी नवऱ्याच्या अंघोळीसाठी विहिरीवरून पाणी आणतात, बाजा लावून, नाचत. उंबराचं पाणी म्हणतात. विहीर आता फक्त त्याच कामाला उरलीय. वर लोखंडी जाळी, आत शेवाळ, बाजूला क्रूस. वर्षातून एकदा फादर येऊन आशीर्वाद देऊन जातात. ते पाणी पीत कोण नाही, पण वाईट आहे असं म्हणायची पण कोणाची हिंमत नाही.

ती नवऱ्याची आते, म्हणून कळशी घ्यायचा मान तिचा. लुगडं नेसली होती, केसात फूल. बायका एकमेकींवर पाणी उडवत होत्या. एकीने ओरडून विचारलं, "आते, कळशी दिसते का गो, की मी हात धरू?" हिने ओंजळ भरली आणि तिच्या तोंडावर मारली. त्या बाईने पण सोडली नाही. सगळ्या हसत होत्या. मी पण.

पाणी डोळ्यात गेलं आणि लेन्सखाली काहीतरी टोचायला लागलं. तिने तिथेच लेन्स काढली, कळशीच्या पाण्यात धुतली आणि परत घातली. मिरवणूक थांबवायची कशी? मी म्हटलं, घरी जाऊन औषधाने धू. तर म्हणाली, "अरे, घरी गेल्यावर ठेवते ना रात्रभर लेन्सच्या पाण्यात. त्यात सगळं मरतं."

लग्न झालं. डोळा लाल झाला. जागरणाने झाला, धुराने झाला, असं म्हणत आम्ही थोडे दिवस घालवले. केमिस्टने थेंब दिले. मग अंधेरीच्या एका डॉक्टरकडे गेलो, तो म्हणाला व्हायरस आहे, आणि दुसरे थेंब दिले. डोळा वरून बघितला तर एवढा वाईट दिसायचा नाही, पण ही भिंतीला डोकं आपटायची. बाळंतपणात ओरडली नाही ती बाई डोळ्यासाठी ओरडायची. मग कोणीतरी मोठ्या हॉस्पिटलात जा म्हणाला. तिथे बुबुळ खरवडून काचेखाली बघितलं तेव्हा कळलं.

तिथली डॉक्टर मुलगी वयाने माझ्या पोरीएवढी. तिने नीट समजावलं. हा जंतू पाण्यात राहतो. विहिरीत, टाकीत, नळात पण. औषध लागलं की हा अंगाभोवती कवच करतो आणि आत गप बसतो. औषध गेलं की परत बाहेर. मी विचारलं, बाटलीवर तर जंतू मारतो असं लिहिलंय. ती म्हणाली, ते खोटं नाही, बाबा. नेहमीचे जंतू मरतात. ठरावीक जंतूंवर ते तपासून बघतात, आणि त्यात हा बहुतेक नसतो. दुसऱ्या प्रकारचं एक औषध याला जास्त लागू पडतं, पण त्याची पण खात्री नाही. म्हणून लेन्सला पाणी लावायचंच नाही, कुठलंच.

हे वाक्य आम्हाला आधी कोणी सांगितलं असतं तर? एवढंसं वाक्य.

मी विहिरीचं नाव घेतलं तेव्हा डॉक्टर म्हणाली, विहिरीतूनच आला असं सांगता येत नाही, घरच्या नळातून पण आला असेल. पण मी गावठाणात बोललो. तिचा भाऊ चिडला. आशीर्वादाच्या विहिरीला बोल लावतो, पोराच्या लग्नाला बोल लावतो, असं म्हणाला. मी सांगितलं, "फादरच्या आशीर्वादाने मेला नाही आणि बाटलीच्या औषधाने पण मेला नाही. मग मी कोणाला बोलू, तूच सांग." त्यानंतर तो घरी यायचा बंद झाला.

मग थेंब. तासातासाला थेंब, डोळ्यात आग लावणारे. उजेड सहन व्हायचा नाही म्हणून खिडक्यांना चादरी बांधल्या. माझे हात कापतात, थेंब गालावर पडायचा, आणि ती म्हणायची, गालाला नको, गाल बरा आहे. सुरुवातीला असे विनोद करायची. नंतर बंद झाली. बुबुळ पांढरं होत गेलं, आणि उजव्या डोळ्याला तर माणूस आणि कपाट सारखंच झालं.

नवीन बुबुळ बसवता येतं. ती त्याच आशेवर होती. पण डॉक्टर म्हणाली, आतला जंतू पुरा मरायला हवा, नाही तर तो नवीन बुबुळ पण खाईल. म्हणून थांबायचं. परत खरवडायचं, परत तपासायचं. दर वेळी ती विचारायची, "मेला का रे?" आणि मी सांगायचो, अजून नाही गो.

शेवटचं खरवडून आल्यावर तिला ताप आला. छातीत कफ भरला. खाणं तिने आधीच सोडलेलं, अंगात झुंजायला काही नव्हतं. कफ काढायला पण जोर लागतो. गेली.

माती दिल्यावर थोड्या दिवसांनी मी हॉस्पिटलात गेलो. सासरहून आलेली माझी पोरगी म्हणाली, आता कशाला जाता, पप्पा. पण मला ते ऐकायचं होतं. डॉक्टर मुलीने मला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. म्हणाली, शेवटच्या तपासणीत काही सापडलं नाही.

"म्हणजे मेला?" मी विचारलं.

"सापडला नाही, बाबा. कवचात कुठे बसला असेल तर दिसत नाही. एवढंच सांगता येतं."

मी विचारलं, आता बुबुळ बसवलं असतं का. ती म्हणाली, अजून थोडं थांबून, कदाचित बसवलं असतं.

बाहेरून पुढच्या पेशंटला हाक मारली. मी उठलो. पाणी तसंच ठेवलं.