कप्पीची दोरी

गुडघ्याच्या व्यायामासाठी मी फिजिओथेरपीला जाते. शेजारच्या खुर्चीत एक काका कप्पीवरची दोरी ओढत बसलेले असतात. चांगल्या हाताने खाली ओढलं की दुखरा हात वर जातो. अंथरुणाला खिळलेल्या बायकोला उचलून उचलून त्यांचा खांदा आखडला. ती गेल्यावर मुलीने त्यांना इथे आणलं.

आज त्यांचा हात पहिल्यांदाच डोक्याच्या वर गेला. तिथली तरुण फिजिओथेरपिस्ट खूश झाली. "काका, आता दुखणं पार जाईल बघा."

दुखणं म्हणजे घालवून टाकायची गोष्ट, एवढंच मलाही ठाऊक होतं.

काकांनी दोरी सोडली आणि खांद्यावर हळूच तळवा ठेवला.

"थोडं राहू दे, पोरी. उठवून बसवताना ती इथंच डोकं टेकायची."